वृंदवादनातील लोकधून : एक छंदोविचार

लोकधुनांवर आधारलेले वृंदवादन ऐकताना चित्त उल्हसित होते. या उल्हासाचे कारण केवळ स्वरमाधुर्यात शोधणे पुरेसे नाही. लोकधून ही बहुधा शब्दांची चाल असते. वाद्यांवर ती वाजू लागली की शब्द गळतात. मग उरते काय, हा प्रश्न भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी लोकगीते ध्वनिमुद्रित करून त्यांत दोन प्रकारची लय ओळखली : बोलण्याच्या ओघाने चालणारी मुक्त लय आणि नृत्याची ठाम लय. त्यांच्या रुमानियन लोकनृत्यांत (१९१५, वाद्यवृंदासाठी १९१७) दुसरीचेच प्राबल्य आहे.

मराठीतही हा भेद आढळतो. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. या ओवीची अक्षरसंख्या नियत नसते. ओळ बोलण्याप्रमाणे लांबते वा आखडते.

याउलट वारकरी भजनाचे आहे. संत कान्होपाठकांचे गाव असलेले शिरूर तालुक्यातील केंदूर याच परंपरेतले. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. लघुगुरूंचे बंधन नसते. ही अक्षरे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसविताना कोठे स्वर लांबवावा लागतो, कोठे विराम घ्यावा लागतो. शब्दांनी मोकळी सोडलेली जागा टाळ-मृदंग भरून काढतात. एकाने चरण म्हणावा, इतरांनी ध्रुवपद उचलावे आणि लय चढत जावी, यातूनच उल्हास निर्माण होतो. या अर्थी भजनी मंडळ हा स्वतःच एक वृंद होय.

१९५२ साली आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला. रविशंकर व टी. के. जयराम अय्यर हे त्याचे आरंभीचे संचालक. राग व लोकधुना यांवरील रचना त्यासाठी लिपिबद्ध झाल्या. तथापि स्वरलिपी स्वर व मात्रा दाखविते. अक्षर कोठे संपले आणि श्वास कोठे घेतला, हे तीत सहसा येत नाही.

म्हणून लोकधून वृंदासाठी लिहिताना मूळ शब्द स्वरांखाली मांडून विरामस्थाने प्रथम निश्चित करावीत. अभंगाचा चरण एका वाद्याकडे आणि ध्रुवपद समूहाकडे द्यावे. ओवी मात्र ठेक्यात न कोंबता अखंड षड्जावर मोकळी सोडावी. अन्यथा सर्व धुना एकाच साच्याच्या होतील, आणि ज्या बोलीतून त्या जन्मल्या तिची खूण त्यांत उरणार नाही.