मुहर्रमचा चाँद आणि घरातला हिशेब

आपल्यासारख्या घरांत वर्ष एकदा नाही, चार-पाच वेळा सुरू होते. जानेवारीत भिंतीवरची दिनदर्शिका बदलते. चैत्रात शेजारच्या दारी गुढी उभी राहते आणि श्रीखंडाची वाटी आपल्या स्वयंपाकघरात येते. मार्चअखेर झाली की दुकानदार नव्या वह्या काढतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, नव्या दप्तराचा वास घरभर पसरतो. आणि या सगळ्यांमधून, कधी भर पावसात तर कधी कडाक्याच्या थंडीत, आपले हिजरी वर्ष गुपचूप येऊन बसते. मगरिबनंतर मशिदीत ऐलान होतो, मोबाईलवर दहा-बारा मुबारकबादीचे संदेश येतात आणि दुसऱ्या दिवशी आपण नेहमीसारखे कामाला लागतो.

१४४७ हे हिजरी वर्ष आपल्याकडे २७ जून २०२५ रोजी सुरू झाले. शुक्रवार होता. शाळा सुरू होऊन दीड आठवडा झाला होता आणि त्या रात्री जेवताना आमच्या धाकट्याने विचारले, "एकतीस डिसेंबरला शेजारी केक कापतात, गाणी लावतात. आपल्या नव्या वर्षाला आपण काहीच का करत नाही?"

अम्मी लगेच म्हणाल्या, "मोहरममध्ये कसली मजा, बाळा? करबला आठव." लहानपणापासून आम्हीही हेच ऐकले. मुहर्रमचे पहिले दहा दिवस घरात लग्नाची बोलणी नाहीत, नवे कपडे नाहीत. हिजरी ६१ साली, म्हणजे इ.स. ६८० मध्ये, याच महिन्याच्या दहा तारखेला हजरत इमाम हुसैन (रजि.) करबलाच्या मैदानात शहीद झाले. ते दुःख चौदा शतकांत शिळे झालेले नाही. पण मुलाचा प्रश्न त्यामुळे मिटत नव्हता. ज्या वर्षाच्या सुरुवातीला उत्सव करायचा नाही, त्या सुरुवातीला करायचे तरी काय? केक नको म्हणणे सोपे असते. त्याच्या जागी घराने काय ठेवले, हे मुले पाहत असतात.

म्हणून त्या रात्री ताटे उचलल्यावर आम्ही सगळे बसलो आणि हे वर्ष मुळात मोजायला कधी लागले, ते मुलांना सांगितले.

हिजरतची घटना इ.स. ६२२ ची, पण हिजरी सन तेव्हा लगेच सुरू झाला नाही. तो हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरतनंतर सतराव्या वर्षाच्या सुमारास ठरला. असे सांगतात की एका कागदावर नुसते 'शाबान' लिहिलेले होते आणि उमर (रजि.) यांनी विचारले, कोणता शाबान? गेलेला की येणारा? म्हणजे आपला सन जन्माला आला तो देण्याघेण्याच्या, सरकारी कागदपत्रांच्या अडचणीतून. सन कुठून मोजायचा यावर सहाबांचा मशवरा झाला. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जन्मापासून मोजावा, अशीही सूचना होती. शेवटी सर्वांचे मत हिजरतवर स्थिर झाले. अनेकांचा समज असतो की १ मुहर्रम हा हिजरतचा दिवस. तसे नाही. पैगंबर (स.) मदिनेला पोहोचले ते रबीउल अव्वल महिन्यात. अरबांचे वर्ष आधीपासून मुहर्रमपासून सुरू होत असे, तेवढे तसेच ठेवले गेले.

जन्म नाही, विजय नाही, तर घर सोडून जाण्याची घटना वर्षाच्या उंबरठ्यावर ठेवली गेली. आणि त्या घटनेतला एक प्रसंग आमच्या मोठ्या मुलीने शाळेच्या सुटीत सीरतच्या पुस्तकात वाचलेला होता, तो तिनेच सांगितला. मक्केचे लोक पैगंबरांचे विरोधक होते, पण आपल्या मौल्यवान वस्तू ठेवायला त्यांना दुसरा विश्वासाचा माणूस मिळत नव्हता. ज्या रात्री त्यांच्या जिवावर उठलेले लोक घराभोवती जमले, त्या रात्री पैगंबर (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. कशासाठी? ज्याची त्याची अमानत परत करण्यासाठी. अली (रजि.) काही दिवस मक्केत थांबले, सगळ्यांच्या ठेवी पोहोचवल्या आणि मगच मदिनेच्या वाटेला लागले.

मुलगी म्हणाली, "मग आपणही नव्या वर्षाला तेच करू. कुणाचे काय आपल्याकडे आहे ते परत करू."

मुलांना ही कल्पना फार आवडली. वहीची पाने फाडली गेली. धाकट्याने लिहिले, वर्गमित्राची कंपासपेटी. मुलीने लिहिले, मैत्रिणीच्या दोन कादंबऱ्या आणि मावशीची ओढणी. आमच्या बायकांनी शेजारणीचा कुकर आणि भिशीचा राहिलेला हप्ता लिहिला. आम्ही दोघा भावांनी किराणा दुकानाची उधारी, एका मित्राचे हातउसने लिहिले आणि कागद घडी करून ठेवणार, इतक्यात अम्मी म्हणाल्या, "आणि माझ्या लेकीची अमानत कुणाच्या कागदावर आहे?"

कुणी काही बोलले नाही.

इथे थोडे मागे जायला हवे. अब्बांचा इंतकाल होऊन नऊ वर्षे झाली. मागे राहिले ते गावातले घर आणि विहिरीजवळची एक एकर जमीन. अब्बांच्या पश्चात अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो. चाळिसावा होऊन काही महिने झाले आणि गावात जसे होते तसेच झाले. आपाला बोलावून घेतले, साडी घेतली, बिर्याणी झाली आणि तालुक्याला नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. पण बहिणीने भावांकडे जमिनीचा वाटा मागितला की माहेर तुटते, हे तिला लहानपणापासून सांगितले गेले होते. ते सांगणाऱ्यांत आम्ही नव्हतो, पण त्याचा फायदा आम्हीच घेतला. राजीखुशीने सोडला, असे कागद म्हणतो. तिला कधी तिचा वाटा हातात देऊन मग विचारले होते का, की ताई, ठेवतेस की परत देतेस? नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर आम्ही मशिदीतल्या मौलानांना वारसाचा हिशेब विचारला. त्यांनी आधी एक गोष्ट बजावली. मयताच्या मालातून पहिला खर्च कफन-दफनचा, मग कर्ज, मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि त्यानंतर वारसांची वाटणी. कर्जात बायकोचा न दिलेला मेहरही येतो. "तुमच्या अम्मींचा मेहर अदा झाला होता का?" हा प्रश्न आम्हाला कुणी कधी विचारलाच नव्हता. घरी येऊन विचारले तर अम्मी हसल्या. म्हणाल्या, "जनाजा दारात असताना बायकांनी मला विचारलं, मेहर माफ केला म्हण. मी म्हटलं, केला. त्या वेळी दुसरं काय म्हणणार होते?" किती घरांत हा सवाल याच वेळी, याच पद्धतीने विचारला जातो! जिवंतपणी द्यायचे कर्ज, आणि माफी मागायची ती रडणाऱ्या बाईकडून, चार जणींच्या देखत.

मग वाटणी. सूरह निसामध्ये हे हिस्से स्पष्ट आलेले आहेत. मुले असल्यामुळे विधवेचा आठवा भाग. उरलेल्यात मुलाचे दोन तर मुलीचा एक. दोन मुलगे, एक मुलगी म्हणजे पाच हिस्से. मौलानांनी पाठकोऱ्या कागदावर चाळीस भाग केले. अम्मींचे पाच, आम्हा भावांचे चौदा-चौदा, आपाचे सात. आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. कागदावरचा प्रत्येक भाग म्हणजे जमिनीवरचा एक गुंठा! विहिरीजवळच्या त्या तुकड्यात सात गुंठे नऊ वर्षे आम्ही पेरत आलो, कापत आलो, विकत आलो, आणि दर रमजानमध्ये त्याच उत्पन्नातून जकातही काढत आलो. दुसऱ्याच्या वाट्यावर आपली नेकी.

जकातीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, कारण त्याच बैठकीत आमची दुसरी चूक सापडली. धाकटा भाऊ दुकानाचा जकातीचा हिशेब ३१ मार्चला धरत असे, सोयीचे म्हणून. पण जकातीचे वर्ष चांद्र असते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. अकरा दिवस काहीच वाटत नाहीत. पण तेहतीस वर्षांत अकरा-अकरा मिळून ३६३ दिवस होतात, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब सगळ्यांना पाठ असतो, तारीख मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आता आम्ही १ मुहर्रम हीच तारीख धरली आहे.

आपाचा वाटा द्यायचा ठरले आणि सल्लागार जमू लागले. एका नातेवाइकाने कायदा काढला. १९३७ च्या शरीअत कायद्यात शेतजमिनीचा विषय वगळला आहे, तेव्हा तुम्ही बांधील नाही, असे ते म्हणाले. ते वगळले आहे हे खरेच आहे. पण ज्या कुरआनमधून आम्ही चाळीस भाग काढले त्यात घर वेगळे आणि शेत वेगळे, असे कुठे म्हटलेले नाही. लाउडस्पीकर आणि पोशाखाच्या प्रश्नावर शरीअतची आठवण काढणारे आपण, बहिणीचा वाटा आला की वकिलाकडे धावतो. दुसरे एक जण म्हणाले, तिचा नवरा चांगला कमावतो, तिला गरज काय? जणू वारसा म्हणजे खैरात.

खरी अडचण वेगळीच होती. सातबाऱ्यावर आता आम्हा दोघांचीच नावे आहेत. हक्कसोडपत्र नोंदवलेले आहे, त्यामुळे आपाचे नाव पुन्हा लावायचे तर नवा दस्त करावा लागणार. शिवाय तुकडेबंदीच्या कायद्यामुळे सात गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडणे सोपे नाही. वकिलांनी दोन वाटा सुचवल्या. बाजारभावाने पैसे देऊन टाका, किंवा जमीन न तोडता अविभक्त हिश्श्याचे बक्षीसपत्र करून तिचे नाव सातबाऱ्यावर आणा. कोणता मार्ग घ्यायचा ते आपाने ठरवायचे, एवढे मात्र आम्ही दोघांनी पक्के केले. नऊ वर्षांच्या पिकाचा हिशेबही काढला. बायकांनी त्यासाठी यंदा नवीन कपाट नको, असे आपणहून सांगितले. धाकटी वहिनी म्हणाली, "उद्या आमच्या भावांनाही हाच कागद दाखवता येईल." आम्ही हसलो, पण ती हसत नव्हती.

आशूराच्या दिवशी आपाला रोजा सोडायला बोलावले. ६ जुलैचा रविवार, त्याच दिवशी आषाढी एकादशीही होती. शेजारच्या काकूंचा उपवास आणि आमचा रोजा एकाच दिवशी, त्यामुळे सकाळपासून दोन्ही घरांत चुली थंड. संध्याकाळी काकूंकडून साबुदाण्याची खिचडी आली, आमच्याकडून खजूर आणि सरबत गेले. आपाने येताना अम्मींना आवडतात तसे गुळाचे चोंगे आणले होते.

इफ्तारनंतर मौलानांनी लिहिलेला कागद आम्ही तिच्यापुढे ठेवला. मुले गोळा झाली. तिने चष्मा लावला, दोनदा वाचला. काय बोलावे ते आम्ही चार दिवस घोकून ठेवले होते, त्यातले एक वाक्य आठवेना. धाकट्या भावाने कसेबसे म्हटले, "आपा, हे आमच्याकडून बक्षीस नाही. हे तुझेच आहे. उशीर झाला."

आपाने कागदाची घडी केली, चष्म्याच्या घरात ठेवली. डोळे पुसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "अब्बांनी विहिरीकडे लावलेला आंबा आहे ना, तो माझ्या सात गुंठ्यांत येतो का रे?"

"येतो," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.