झोप येईना? आसंध आहे, पण…

पावसाने ओढ दिली, सोसायटीचा हप्ता तोंडावर आला, की घरधनी रात्रभर कूस बदलतो. हे आधी घरच्या बाईच्या ध्यानात येते. अशा वेळी आसंध, म्हणजे अश्वगंधा, हा आपला जुना उपाय. तिच्या शास्त्रीय नावातला ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी.

औषधाला मूळच घ्यावे. पेरणीनंतर पाच-सहा महिन्यांनी फळे लाल होऊन पाने सुकू लागली, की मुळ्या खणून, धुऊन वाळवाव्यात. चूर्ण वैद्य सांगेल तेवढेच, रात्री कोमट दुधातून घ्यावे. गरोदर बाईने, तसेच थायरॉइड वा यकृताचा विकार असणाऱ्याने घेऊ नये.

मात्र मुळीने हप्ता फिटत नाही. मनातली काळजी घरात बोलावी. तरीही झोप उडालेलीच राहिली, तर डॉक्टर गाठावा किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करावा. त्यात कमीपणा नाही.