हृदयाची वीज (लेखांक ४) : केळीपट्ट्यातील पोटॅश आणि ईसीजीची पट्टी

सावदा, फैजपूर, रावेर आणि यावल या तापीखोऱ्यातील केळीपट्ट्यात पोटॅशच्या गोण्यांचा हिशेब प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ असतो, कारण केळीच्या पिकाला या अन्नद्रव्याची भूक फार मोठी असते. खताच्या दुकानात म्युरेट ऑफ पोटॅश या नावाने मिळणारा हा पदार्थ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड हा साधा क्षार होय. यातील पोटॅशियम या मूलद्रव्याच्याच आधारावर मानवी हृदयातील विजेचे सारे चलनवलन उभे आहे, आणि रक्तातील त्याचे प्रमाण बिघडले की त्याच्या खुणा ईसीजीच्या पट्टीवर उमटू शकतात.

मागील लेखांकांत आलेला हृदयातील विजेचा मार्ग येथे थोडक्यात आठवणे पुरेसे आहे. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या माथ्याशी असलेल्या सायनस नोड या पेशीपुंजात मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विद्युतसंदेश आपोआप निर्माण होतो. तो दोन्ही अलिंदांत पसरतो, एव्ही नोड या दुसऱ्या पुंजात सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळतो, आणि मग हिसचा जुडगा, त्याच्या दोन शाखा व पुरकिंजे तंतू यांच्या वाटेने निलयांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या स्नायूंत वेगाने शिरतो. मधला हा विलंब दोष नसून सोय आहे, कारण त्या अवधीत अलिंदांतील रक्त निलयांत उतरून घेते.

लायडन येथील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या गॅल्व्हनोमीटरने ही वीज त्वचेवरून अचूक टिपली आणि 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रातील पट्टी सेकंदाला 25 मिलिमीटर या गतीने सरकते, त्यामुळे तिच्यावरील लहान चौकट 0.04 सेकंदाची आणि मोठी 0.2 सेकंदाची असते. अलिंदांत वीज पसरल्याची खूण म्हणजे पी लहर, निलयांत ती पसरल्याची खूण म्हणजे क्यूआरएस हा उंच टोकदार भाग, आणि निलयांच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होत असल्याची खूण म्हणजे टी लहर. पोटॅशियमचा प्रश्न या तिन्ही लहरींशी निगडित आहे.

हृदयस्नायूच्या पेशीच्या आत पोटॅशियम दर लिटरला सुमारे 140 मिलिइक्विव्हॅलंट असते, तर बाहेर, रक्तात, ते केवळ 3.5 ते 5 इतकेच असते. या तफावतीमुळे पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पेशीबाहेर झिरपू पाहतात आणि विश्रांतीच्या वेळी पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 90 मिलिव्होल्टने ऋण राहते. भरलेल्या धरणाच्या पाण्यात जशी ताकद साठलेली असते तशी या तफावतीत पुढच्या ठोक्याची ताकद साठलेली असते. बाहेरचे पोटॅशियम वाढले की तफावत घटते, पेशीचा ऋणभार उतरतो, संदेश पुढे नेणारी सोडियमची दारे नीट उघडेनाशी होतात आणि विजेची चाल मंदावते. त्याच वेळी पेशी पूर्ववत होण्याची क्रिया मात्र वेगावते.

पट्टीवर याचा पहिला परिणाम बहुधा टी लहरीवर दिसतो आणि ती अरुंद, उंच व तंबूसारखी टोकदार होते. त्यानंतर पी लहर चपटी होत दिसेनाशी होते, जरी सायनस नोड अद्याप चालू असू शकतो, कारण अलिंदांचा स्नायू त्या पुंजापेक्षा लवकर निष्क्रिय होतो. पुढे क्यूआरएस रुंदावत जाऊन टी लहरीत मिसळतो आणि सारी पट्टी एका संथ नागमोडी रेषेसारखी दिसू लागते, ज्यानंतर हृदय केव्हाही थांबू शकते. अशा रुग्णाला शिरेतून दिले जाणारे कॅल्शियम ग्लुकोनेट रक्तातील पोटॅशियम कमी करत नाही, ते केवळ हृदयपेशींचे काही काळ संरक्षण करते. इन्शुलिन व ग्लुकोज त्या पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात, आणि मूत्रपिंडे निकामी असतील तर ते शरीराबाहेर काढण्याचे काम अखेर डायलिसिसला करावे लागते.

मग केळीचे काय? शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर शरीरातील पेशींबाहेरच्या द्रवांत ते एकूण अवघे दोन-अडीच ग्रॅम असते, म्हणजे दोन-तीन केळ्यांतून येणारा पुरवठा दिसतो तितका किरकोळ नाही. तरीही निरोगी माणसाला त्याची झळ लागत नाही, कारण जेवणानंतर स्रवणारे इन्शुलिन ते आधी पेशींत भरते आणि मूत्रपिंडे नंतर सावकाश बाहेर टाकतात. हृदयविकार म्हटला की सरसकट केळी बंद करण्याचा सल्ला म्हणूनच शास्त्राला धरून नाही. जपायचे आहे ते मूत्रपिंडे निकामी झालेल्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम राखून ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, आणि त्यांना केळ्याइतकाच, किंबहुना अधिक, धोका ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीचा आहे, कारण तीत सोडियम क्लोराइडच्या जागी बऱ्याचदा खतातलेच ते पोटॅशियम क्लोराइड शुद्ध स्वरूपात घातलेले असते.

ईसीजीची एक मर्यादा येथे नोंदवणे आवश्यक आहे. पोटॅशियम सात मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे गेलेल्या काही रुग्णांची पट्टी जवळपास निर्दोष दिसते, विशेषतः प्रमाण हळूहळू वाढत गेले असेल तेव्हा. त्यामुळे टोकदार टी लहर दिसली तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात, पण ती दिसली नाही म्हणून रक्ततपासणी टाळता येत नाही.