कुत्र्याचा 'बाइट', शोचा जज आणि आपला डेटा

डॉग शोमध्ये जज कुत्र्याचे ओठ वर करून दात बघतो, हे तुम्ही पाहिलं असेल. वरचे पुढचे दात खालच्या दातांना लागून किंचित पुढे असतील तर तो 'सिझर बाइट'. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर 'अंडरशॉट', मागे राहिला असेल तर 'ओव्हरशॉट'.

आता गंमत बघा. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार जर्मन शेफर्ड अंडरशॉट निघाला तर थेट बाद. बॉक्सरच्या मानकात मात्र अंडरशॉटच हवा! म्हणजे 'दोष' हे जबड्याचं मोजमाप नाही, ती मानकाशी केलेली तुलना आहे. निरीक्षण वेगळं आणि निकाल वेगळा, हा फरक डेटा गोळा करण्याआधीच डोक्यात पक्का हवा.

मग या निकालावरून पैदाशीचा निर्णय घ्यायचा का? समजा, दोन कुत्र्यांचे खालचे सुळे टाळूला टोचतायत. एकाचा खालचा जबडाच आखूड आहे. दुसऱ्याचा दुधाचा सुळा वेळेवर पडला नाही, म्हणून कायमचा सुळा आत उगवला. चित्र सारखं, कारणं वेगळी. पण दुसऱ्याचा दोष आनुवंशिक नाहीच, असंही लगेच म्हणू नका. दुधाचे दात अडकून राहणं काही जातींमध्ये जास्त दिसतं.

त्यातून दोन्ही जबडे एकाच हुकमावर वाढत नाहीत. चार्ल्स स्टॉकार्ड यांनी बॅसेट हाउंड आणि बुलडॉग यांसारख्या जातींचे संकर केले. ते काम १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आलं. संकरित पिल्लांत वरच्या आणि खालच्या जबड्याचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी मांडलं की दोन्हींची लांबी बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वारशात येते. त्यामुळे चांगल्या बाइटच्या आईबापांनाही वाकड्या बाइटची पिल्लं होऊ शकतात.

इथेच नवा संशोधक फसतो. 'शोमधले दोनशे कुत्रे मोजू आणि बाइट किती आनुवंशिक आहे ते काढू,' असं वाटतं. पण वाईट बाइटचे कुत्रे मालकाने घरीच ठेवलेले असतात! रिंगमध्ये येतो तो आधीच गाळलेला नमुना. खरं उत्तर हवं असेल तर एका वेतातली सगळी पिल्लं मोजा, दोन्ही पालक मोजा, वय नोंदवा (कायमचे दात साधारण सात महिन्यांपर्यंत येतात), आणि दुसऱ्या निरीक्षकाला पहिल्याचे आकडे न दाखवता पुन्हा मोजायला सांगा.

जबाबदार ब्रीडरही हेच करतो. रिबिन मिळालेला नर बघून तो थांबत नाही, त्याच्या भावंडांची तोंडंही बघतो. सारखाच दोष असलेली जोडी लावत नाही. सुळा टाळूला टोचत असेल तर कुत्र्यावर उपचार करतो, कारण ती वेदना आहे. पण दात सरळ झाले म्हणून त्याला पैदाशीत आणत नाही. उपचाराने दात हलतात, जीन्स तशीच राहतात. आणि जातीत कुत्रेच मोजके असतील, तर एका दाताच्या किरकोळ फरकासाठी निरोगी कुत्रा बाद करत नाही. तसं केलं तर उरलेल्यांत जवळच्या नात्यातली पैदास वाढते आणि लपलेले आजार वर येतात.

तुमच्या विषयात कुत्रे नसतील. तरी सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला विचारा: माझ्या नमुन्यात कोण आलंच नाही, आणि का?