खरखर हेडफोनची, दोष भलत्याचाच

झाडीपट्टीचं नाटक गोंदियाच्या एखाद्या गावात रात्रभर मंडपात बसून पाहणं वेगळं, आणि कुणी तरी मोबाईलवर टिपलेलं तेच नाटक यूट्यूबवर लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकणं वेगळं. आवाज फाटलेला असतो, मागे खरखर असते. मग सल्ला येतो : ‘बाहेरचा डॅक घे.’ डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं हेडफोनला समजेल अशा विद्युत लहरींत रूपांतर करणारी छोटी डबी. खिशात हात घालण्याआधी थोडं थांबा.

गैरसमज : चांगला डॅक लावला की रेकॉर्डिंग सुधारतं.
टिपतानाच फाटलेला आवाज कुठलाही डॅक शिवत नाही. फाईल लहान करताना एमपीथ्रीनं टाकून दिलेला भागही परत येत नाही. डॅक खरा कामी येतो तो संगणकाच्या आतला विजेचा गोंगाट हेडफोनमध्ये उतरत असेल तेव्हा. माऊस हलवला की किरकिर ऐकू येते, ही त्याची ओळखीची खूण. डेस्कटॉप असेल तर आधी पिन पुढच्याऐवजी मागच्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून फिरून येते आणि वाटेत गोंगाट गोळा करते. या उपायाला पैसा लागत नाही.

गैरसमज : 192 किलोहर्ट्झचा डॅक म्हणजे जास्त स्पष्ट आवाज.
माणसाचा कान फार तर 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो, आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला 44,100 नमुने असतात. त्यातून 22,050 हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. ऐकण्यासाठी तेवढं पुरे. उरलेले पैसे हेडफोनवर घाला, फरक तिथे कळेल.

गैरसमज : वाद्यं वाजतात पण गायक गायब, म्हणजे हेडफोन गेला.
बहुधा पिन पूर्ण बसलेली नसते. दोन्ही कानांची सामाईक तार जोडली गेली नाही, तर दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज कटतो. आणि गायक नेमका मधोमध असतो. पिन पुसा, घट्ट दाबा.

गैरसमज : ब्लूटूथ हेडफोनलाही डॅकनं फायदा होतो.
नाही. त्याचा डॅक त्याच्या पोटातच असतो. मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होत असेल, तर हेडफोनचा माइक सुरू झालेला असतो. सेटिंगमध्ये लॅपटॉपचा माइक निवडा.

गैरसमज : सतत घूं-घूं येते म्हणजे हेडफोन बदलायला हवा.
लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही घरघर खर्जातली. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच ती येत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, तरी भागलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर जोडला असेल तर तो आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावा. घरघर घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडतात. ते मात्र कधीही करू नका. ती पिन विजेच्या धक्क्यापासून वाचवते.