ठोका पडताना दिसलेली भीती

नारायण पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत निकालाच्या दिवशी 'काळजात धस्स झालं' हे वाक्य ऐकू येतंच. आपण ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देतो. पण हृदयाचं मेंदूपुढे खरंच काही चालतं का, हे प्रयोगशाळेत तपासता येतं.

हृदय आकुंचन पावलं की रक्तदाब क्षणभर वाढतो. महाधमनीच्या कमानीत आणि मानेतल्या धमन्यांत हा दाब ओळखणारे संवेदक असतात. ते दर ठोक्याला मेंदूला खबर देतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये बरेचसे गप्प असतात. २०१४ मध्ये सारा गारफिंकल, ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी याचाच उपयोग केला. ईसीजीशी वेळ जुळवून त्यांनी चेहऱ्यांची चित्रं क्षणभर दाखवली: काही आकुंचनाच्या वेळी, काही हृदय सैलावलेलं असताना. आकुंचनाच्या वेळी भेदरलेला चेहरा जास्त सहज ओळखू आला, आणि त्यावरची भीती जास्त तीव्रही वाटली. चित्र तेच, माणूस तोच. फरक सेकंदाच्या काही दशांशांचा!

म्हणून 'ठोका पडला की सगळंच तीव्र' असं मात्र समजू नका. वेदनेच्या कित्येक प्रयोगांत याच काळात दुखणं कमी जाणवलेलं दिसतं.

आता ताण. ठोके जलद झाले की आकुंचनाचा काळ थोडाच घटतो, सैलावण्याचा खूप घटतो. म्हणजे दर मिनिटातला आकुंचनाचा वाटा वाढतो. तोंडी परीक्षेत समोरचे चेहरे जास्त धोक्याचे वाटण्यात याचाही हात असेल का? मला हा तर्क आवडतो, पण तो तर्कच आहे. ताणात ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, श्वास असं सगळंच बदलतं. त्यातून एकट्या ठोक्याचा परिणाम वेगळा काढणं अवघड.

या विषयात शिरणार असाल तर मोजमापाकडे आधी बघा. राइनर शांड्री यांची १९८१ची ठोके मोजण्याची चाचणी अजून सर्रास वापरतात: नाडीला हात न लावता, ठरावीक वेळात किती ठोके पडले ते सांगायचं. पण 'माझी नाडी साधारण सत्तर' एवढं माहीत असलेला माणूस काहीही न जाणवता बरोबर उत्तर देऊ शकतो. 'अंदाज करू नका, जाणवलेलेच ठोके मोजा' अशी सूचना दिल्यावर गुण चांगलेच घसरतात. तेव्हा शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा आणि सहभागींना नेमकी कोणती सूचना दिली होती, ते शब्दशः शोधा.