विंचवाचं बिऱ्हाड फ्लोरिडात

डिस्ने वर्ल्डला हॉटेलात राहणं आमचं दोनदा झालं होतं. यंदा पुण्याहून नाना आणि आई आलेले, तेव्हा ठरवलं की आर.व्ही. भाड्याने घ्यायची. नानांचं पथ्याचं जेवण वेळेवर होईल आणि आई दमल्या तर कलंडायला जागा हाताशी! अटलांटाहून निघालो. पंचवीस फुटी गाडी नेहमीच्या लायसन्सवर चालवता येते, पण वळणावर मागचा भाग कुठे जातो ते रामच जाणे.

मुक्काम फोर्ट वाइल्डरनेसला. मॅजिक किंगडम उघडलं त्याच १९७१ साली हे कॅम्पग्राउंडही सुरू झालं. पाइन आणि सायप्रसची दाट झाडी, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी, आणि सकाळी धक्क्यावरून बोटीत बसलं की तळं ओलांडून थेट मॅजिक किंगडम. आमच्या जागेला वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी, सगळं होतं. मुलं खूष.

आता गंमत ऐका. आर.व्ही.च्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिन-आंघोळीची ती करडी, संडासाची ती काळी. आम्ही शहाण्यांनी पहिल्याच दिवशी नळी जोडून काळीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. नवखे हमखास करतात ती ही चूक! पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं तळाशी बसतं. खरं तर टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि मग एकदम सोडायचा. आधी काळी, मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते.

तिसऱ्या सकाळी सगळं तुंबलं. आम्ही दोघं "तू कर, तू कर" करत उभे. तेवढ्यात नाना रबरी हातमोजे चढवून बाहेर आले.

"नाना, तुम्ही राहू द्या हो!"

"का? आमच्या वाड्यात टोपल्यांचे संडास होते. रोज पहाटे एक बाई मागच्या बोळातून यायची. माझ्या लहानपणापासून मॅट्रिक होईपर्यंत तीच. दिवाळीला आई तिला फराळ द्यायची, तोही वरून, हात न लागता. तिचं नाव काय, मी कधी विचारलं नाही. सरका बाजूला."

आम्ही गप्प. भारतात ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली आला. नाना तोवर बँकेत मॅनेजर होऊन फ्लॅटमध्ये राहायला गेले होते.

वरून आठ-दहा बादल्या पाणी ओतलं, तासभर भिजू दिलं आणि नानांनी दांडा ओढला. सुटलं एकदाचं! त्या दिवशी पार्कला जायला दुपार झाली, पण मुलांनीही कुरकुर केली नाही.

शेवटच्या सकाळी जाग आली तर नाना बाहेर, शेजारच्या नवख्या गोऱ्या जोडप्यासमोर हातमोजे घालून उभे. "ब्लॅक फर्स्ट, देन ग्रे! अंडरस्टँड?"